तोंड उघडण्याचा हक्क : नव्या करारातील ‘पारेसिया’

येरुशलेमच्या न्यायसभेपुढे पेत्र आणि योहान उभे आहेत. आदल्या दिवशी मंदिराच्या दाराशी भीक मागणारा, जन्मापासून पांगळा असलेला एक माणूस पेत्राच्या शब्दावर उठून चालू लागला. गर्दी जमली, पेत्र बोलला आणि संध्याकाळी दोघांना अटक झाली. सकाळी चौकशीला हन्ना, कयफा आणि प्रमुख याजकांच्या घराण्यातली बडी मंडळी बसली. फार दिवस झालेले नाहीत, प्रमुख याजकाच्याच अंगणात एका दासीच्या साध्या प्रश्नावर पेत्राने येशूची ओळखसुद्धा नाकारली होती. आता तोच पेत्र या लोकांना सांगतो आहे की तुम्ही ज्याला क्रुसावर दिलेत, त्याच्याच नावाने हा माणूस बरा झाला. ‘प्रेषितांची कृत्ये’ लिहिणारा लूक म्हणतो की सभा चकित झाली, कारण तिला दोन गोष्टी एकदम दिसल्या आणि त्यांचा मेळ बसेना. ही माणसे शास्त्र न शिकलेली, साधी. आणि तरी त्यांच्या बोलण्याला भीड नाही. ही भीड नसणे सांगायला लूकने जो ग्रीक शब्द वापरला, तो ‘पारेसिया’.

आपल्या मराठी बायबलात हा शब्द बहुतेक ठिकाणी ‘धैर्य’ होऊन येतो आणि काही ठिकाणी, विशेषतः योहानाच्या शुभवर्तमानात, ‘उघड’ किंवा ‘उघडपणे’. दोन्ही भाषांतरे योग्यच आहेत. पण ‘धैर्य’ वाचले की आपले लक्ष माणसाच्या छातीकडे जाते. हा मुळातच धीट असेल, असे वाटते. पारेसियाचा मूळ संबंध हक्काशी आहे. कोण बोलू शकतो, कुणासमोर, आणि ही मुभा त्याला दिली कुणी, असे प्रश्न त्या शब्दाच्या पोटात आहेत. नव्या करारात नाम म्हणून तो ३१ वेळा येतो, त्यापासून झालेले क्रियापद ९ वेळा. या चाळीस जागा एकामागून एक वाचत गेले की मला एक गोष्ट ठसठशीत दिसते. अथेन्समध्ये जो हक्क जन्माने मिळायचा, तो इथे अशा माणसांच्या हाती येतो ज्यांना जन्माने तो कधीच मिळाला नसता. आणि माणसांसमोर मोकळे बोलणे व देवासमोर मोकळेपणी जाणे ही एकाच गोष्टीची दोन अंगे होतात.

हे पटण्यासाठी आधी अथेन्सला जावे लागते. ‘सगळे’ आणि ‘बोलणे’ या अर्थाच्या दोन शब्दांपासून पारेसिया बनला: मनात असेल ते सगळे बोलून टाकणे. इसवी सनापूर्वीच्या पाचव्या शतकात, युरिपिडीसच्या नाटकांत तो आपल्याला पहिल्यांदा भेटतो आणि भेटतो तोच हिरावल्या गेलेल्या किंवा हव्याशा वाटणाऱ्या गोष्टीसारखा. ‘फिनिशियन स्त्रिया’ या नाटकात हद्दपार झालेला पॉलिनायकीस आईला सांगतो की परमुलुखातले सगळ्यांत मोठे दुःख म्हणजे पारेसिया नसणे. त्यावर आई म्हणते, मनातले बोलता न येणे हे तर गुलामाचे जिणे. इ.स.पू. ४२८च्या ‘हिप्पोलिटस’मध्ये फेड्राला वाटते की आपल्या मुलांनी अथेन्समध्ये ताठ मानेने, मोकळ्या तोंडाने राहावे, आईच्या कलंकाने त्यांची मान खाली जाऊ नये. ‘आयन’ नाटकातला तरुण डेल्फीच्या देवळात सेवक म्हणून वाढलेला पोरका मुलगा. त्याची एकच इच्छा आहे: आपली अज्ञात आई अथेन्सचीच निघावी, म्हणजे आईकडून तरी आपल्याला पारेसिया मिळेल. पेरिक्लीसच्या इ.स.पू. ४५१च्या कायद्याने नागरिकत्वासाठी आई-वडील दोघेही अथेन्सचे असणे सक्तीचे केले होते, हे ध्यानात घेतले की आयनची तळमळ कळते. बाहेरचा माणूस कागदोपत्री नागरिक झाला तरी त्याचे तोंड गुलामाचेच राहते, असे तो म्हणतो.

म्हणजे ज्या लोकशाहीचा हा अभिमानाचा शब्द, तिथेच स्त्रिया, गुलाम आणि परदेशी रहिवासी त्याच्या कुंपणाबाहेर होते. पुढे प्लेटोसारख्यांना त्याचा वीट आला. ‘रिपब्लिक’च्या आठव्या भागात लोकशाही नगराचे वर्णन करताना तो पारेसिया आणि मनमानी शेजारी-शेजारी बसवतो. नगरराज्ये मावळून राजेशाह्या आल्यावर शब्द सभेतून दरबारात आणि मैत्रीत गेला. राजाला कटू सल्ला देणारा मंत्री, मित्राचे दोष तोंडावर सांगणारा मित्र यांची ती खूण ठरली. खरा मित्र आणि भाट यांच्यात फरक कसा ओळखावा, यावर प्लुटार्कने एक अख्खा निबंध लिहिला आणि त्यात पारेसिया केंद्रस्थानी आहे. सिनिक पंथाच्या डायोजिनीसला माणसातली सर्वांत सुंदर गोष्ट कोणती असे विचारले तेव्हा त्याने याच शब्दाचे नाव घेतले, अशी परंपरा आहे. फिलोडेमसचा याच विषयावरचा ग्रंथ इ.स. ७९मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेत गाडला गेला आणि हर्क्युलेनियममधल्या जळक्या गुंडाळ्यांतून तुकड्या-तुकड्यांनी परत मिळाला. त्यात गुरूने शिष्याशी मोकळे बोलताना किती कठोर व्हावे, याचा बारीक विचार आहे. पौल ज्या जगात वाढला, तिथे हा शब्द असा सभा, दरबार, शाळा आणि मैत्री या सगळ्यांतून फिरून आलेला होता.

ग्रीक जगाने ज्या बाजूकडे पाहिले नव्हते, ती बाजू यहुद्यांनी या शब्दाला दिली. इब्री शास्त्राचे ग्रीक भाषांतर झाले त्यात हा शब्द फारसा येत नाही, पण आला तिथे आश्चर्य घडले आहे. लेवीय पुस्तकाच्या २६व्या अध्यायात देव मिसरातून सोडवलेल्या इस्राएलाला आठवण देतो की मी तुमचे जोखड मोडून तुम्हांला ताठ उभे राहून चालायला लावले. मूळ इब्रीत ‘ताठ’ आहे. ग्रीक भाषांतरकाराने तिथे पारेसिया घातला. गुलामांची मान वर झाली, हाच त्याला मोकळ्या तोंडाचा अर्थ वाटला. इयोबाच्या पुस्तकात तर क्रियापदाची दिशाच बदलते: नीतिमान माणूस देवासमोर मोकळेपणी बोलेल, आणि दुष्टाला ते जमणार नाही. अथेन्सच्या नागरिकाला झ्यूसशी असे बोलण्याचा हक्क आहे, असे कुणी म्हटले नव्हते. अलेक्झांड्रियाच्या फिलोने अब्राहाम आणि मोशे यांच्या देवाशी झालेल्या बोलण्यावर लिहिताना हाच धागा पुढे नेला. ज्या सेवकाचे मन स्वच्छ आहे आणि ज्याचे धन्यावर प्रेम आहे, तोच धन्याशी असा बोलू शकतो, असे त्याचे म्हणणे. शब्द यहुदी जीवनात इतका रुजला की तो पुढे रब्बींच्या भाषेत उसना शब्द म्हणून शिरला. तालमूदात एखादे कृत्य ‘पारेसियात’ घडले म्हणजे चारचौघांत घडले, आणि त्यासाठी किमान दहा माणसे हवीत, असा नियमच दिलेला आहे. आजच्या इब्रीतही तो ‘जाहीरपणे’ या अर्थाने नांदतो.

एवढी शिदोरी घेऊन शब्द नव्या करारात येतो आणि तिथे त्याची वाटणी फार असमान आहे. मत्तय आणि लूक यांच्या शुभवर्तमानांत तो एकदाही नाही. मार्कात एकदाच, पण मोक्याच्या जागी. कैसरिया फिलिप्पैच्या वाटेवर येशू आपल्या मरणाविषयी पहिल्यांदा स्पष्ट बोलतो, आडपडदा न ठेवता. आणि त्या स्पष्टपणाने हादरून पेत्र त्याला बाजूला घेऊन दटावतो. तोवर मार्काचा येशू लोकांना गप्प राहायला सांगत आलेला असतो, दाखल्यांतून बोलत आलेला असतो. पहिली उघड गोष्ट तो सांगतो ती दुःख सोसण्याची. ज्याला हा शब्द फक्त पराक्रमाचा वाटतो, त्याने मार्काची ही एक ओळ नीट पाहावी.

योहानात मात्र तो नऊ वेळा येतो, आणि योहानाने त्याच्याशी जे केले ते मला सगळ्यांत सूक्ष्म वाटते. सातव्या अध्यायात येशूचे भाऊ त्याला सणासाठी यहुदियात जाण्याचा आग्रह करतात. ज्याला नाव कमवायचे आहे तो लपून काम करत नाही, असा त्यांचा व्यवहारी सल्ला. आणि योहानाने त्यांच्या तोंडी पारेसिया घातला आहे. येशू ते ऐकत नाही. मग आपल्या वेळेने, गुपचूप जातो आणि मंदिरात उभा राहून शिकवतो. त्याच अध्यायात लोक त्याच्याबद्दल कुजबुजतात, पण अधिकाऱ्यांच्या धाकाने उघड कुणी बोलत नाही. अकराव्या अध्यायात लाजराची झोप म्हणजे काय हे शिष्यांना कळत नाही, तेव्हा तो मेला आहे असे येशू सरळ सांगतो. आणि त्याच अध्यायाच्या शेवटी, ठार मारण्याचा बेत ठरल्यावर, तो लोकांत उघड फिरणे सोडतो. उघडपणाचाही एक काळ असतो आणि माघार घेतल्याने तो खोटा ठरत नाही, हे योहान एकाच अध्यायात दाखवतो. सोळाव्या अध्यायात शिष्य सुटकेचा श्वास टाकतात: आता कुठे तुम्ही गूढ न बोलता उघड बोलता आहात, आता आमचा विश्वास बसला. येशूचे उत्तर असे की घटका जवळ आली आहे आणि तुम्ही सगळे मला एकटा टाकून पांगणार आहात. बोलणे स्पष्ट झाले तरी ऐकणारा तयार झालेला असतोच असे नाही. शेवटचा प्रसंग हन्नासमोरचा. प्रमुख याजक शिकवणीबद्दल विचारतो, येशू म्हणतो की मी जगापुढे उघड बोललो, सभास्थानांत आणि मंदिरात बोललो, ज्यांनी ऐकले त्यांना विचारा. शेजारचा शिपाई त्याला चपराक मारतो. नव्या करारात पारेसियाला मिळालेले हे पहिले शारीरिक उत्तर आहे, आणि त्यावरही येशू शांतपणे विचारतो की माझे चुकले असेल तर दाखव, नसेल तर मारलेस का.

‘प्रेषितांची कृत्ये’ हे तर पारेसियाचेच पुस्तक म्हणता येईल. नाम पाच वेळा, क्रियापद सात वेळा. आरंभी उल्लेखिलेल्या चौकशीनंतर पेत्र आणि योहान सुटून आपल्या माणसांकडे येतात. धमकी मिळालेली असते की या नावाने पुन्हा बोलू नका. जमलेले लोक प्रार्थना करतात. इथे थोडे थांबावे, कारण ते जे मागत नाहीत ते महत्त्वाचे आहे. संकट टळो, शत्रूंचा नाश होवो, असे ते म्हणत नाहीत. धमक्यांकडे बघ, म्हणतात, आणि तुझे वचन बोलायला आम्हांला पारेसिया दे. ज्या जगाने हा शब्द जन्मसिद्ध हक्क म्हणून ओळखला होता, त्या जगात तो प्रार्थनेत मागितला जातो आहे. आणि उत्तर मिळते ते फक्त पेत्र-योहानाला नाही. जागा हादरते, सगळे पवित्र आत्म्याने भरून जातात, आणि सगळे निर्भीडपणे बोलू लागतात, असे लूक लिहितो. त्या ‘सगळ्यां’त किती गुलाम, किती स्त्रिया, किती परमुलुखातले असतील याची यादी त्याने दिलेली नाही, पण अथेन्सच्या सभेत ज्यांचे तोंड उघडले नसते असे बरेच असणार, हे त्या मंडळीच्या बाकीच्या वर्णनावरून उघड आहे.

लूक या शब्दाची आंधळी पूजा मात्र करत नाही. अठराव्या अध्यायात अलेक्झांड्रियाचा अपुल्लो इफिसच्या सभास्थानात येतो. वक्ता मोठा, शास्त्रात पारंगत, निर्भीडपणे बोलतो. पण त्याला योहानाच्या बाप्तिस्म्यापलीकडचे ठाऊक नसते. प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला त्याला आपल्याकडे घेतात आणि मार्ग अधिक नीट समजावून सांगतात. निर्भीड माणूस अपुऱ्या माहितीवरही निर्भीड असू शकतो, आणि त्याची दुरुस्ती भर सभेत झाली नाही. त्याला शिकवणाऱ्या दोघांत स्त्रीचे नाव आधी आहे. पुढे पौल राजा अग्रिप्पा आणि सुभेदार फेस्त यांच्यापुढे बोलतो, तेव्हा फेस्त त्याला वेडा म्हणतो; पौल म्हणतो, राजाला हे सारे माहीत आहे म्हणून मी त्याच्यापुढे मोकळे बोलतो आहे, ही गोष्ट कोपऱ्यात घडलेली नाही. आणि ग्रंथ संपतो तो रोममध्ये, भाड्याच्या घरात, पहाऱ्यात राहणाऱ्या पौलापाशी. दोन वर्षे तो येईल त्याला शिकवत राहिला, पूर्ण पारेसियाने, आणि अगदी शेवटचा ग्रीक शब्द येतो ‘बिनअडथळा’. खटल्याचा निकाल काय लागला, पौलाचे पुढे काय झाले, हे लूक सांगत नाही. कैद्याच्या बोलण्याला अडथळा नव्हता, एवढे सांगून तो हात आवरतो.

पौलाच्या पत्रांत आपण त्याच्या स्वतःच्या आवाजाजवळ जातो. थेस्सलनीकाकरांना तो आठवण देतो की फिलिप्पैत आम्हांला मारहाण आणि अपमान झाला, तरी तुमच्याकडे आल्यावर देवाच्या बळावर आम्ही निर्भीडपणे सुवार्ता सांगितली. आणि काही ओळींतच तो आपण खुशामत कधी केली नाही, लहान मुलांना जपणाऱ्या दाईसारखे तुमच्यात वागलो, असेही म्हणतो. १९७०मध्ये अब्राहम मालहर्बे या अभ्यासकाने दाखवले की खुशामत, पैशाचा लोभ आणि दाईची कोमलता हे सगळे त्या काळातल्या तत्त्ववेत्त्यांच्या वादातले ठरलेले विषय होते. चौकात शिव्या घालत फिरणारे सिनिक आपल्या उर्मटपणालाच पारेसिया म्हणत; पौल त्यांच्यापासून आपले अंतर राखतो आहे. मला हा शोध फार मोलाचा वाटतो, कारण आजही कडवट बोलण्याला निर्भीडपणाचे नाव सहज मिळते.

करिंथकरांच्या दुसऱ्या पत्रात तिसऱ्या अध्यायात पौल म्हणतो की आम्ही पारेसियाने वागतो, मोशेसारखे तोंडावर पडदा घेत नाही. पडद्याचा आणि बोलण्याचा संबंध काय, असे कुणाला वाटेल. डच अभ्यासक विलेम फान उन्निक यांनी सुचवले की अरामी भाषेत ‘तोंड उघडे करणे’ हा वाक्प्रचार याच मोकळेपणासाठी होता आणि पौलाच्या मनात तो असावा. सर्वांनी हे मान्य केलेले नाही, पण पौलाची उडी त्याने समजते. तिथून तो ज्या वाक्याकडे जातो ते असे की जिथे प्रभूचा आत्मा आहे तिथे स्वातंत्र्य आहे, आणि आपण सगळेच उघड्या मुखाने प्रभूचे तेज पाहतो. बोलणाऱ्याचा मोकळेपणा आणि देवाकडे पाहणाऱ्याचा मोकळेपणा इथे एका परिच्छेदात एकत्र आले आहेत.

आणि मग फिलेमोनाला लिहिलेले ते छोटे पत्र. अनेसिम हा फिलेमोनाचा गुलाम. तो घरातून निघून कैदेतल्या पौलापर्यंत पोचला आणि तिथे ख्रिस्ती झाला. पौल त्याला परत पाठवतो आणि धन्याला लिहितो: योग्य ते कर असा हुकूम करायला मला ख्रिस्तात पुष्कळ पारेसिया आहे, तरी मी प्रेमास्तव विनंतीच करतो. नव्या करारात हा शब्द असा बाजूला ठेवलेला फक्त इथेच दिसतो. हक्क आहे, तो आहे हे सांगितलेही आहे, आणि तो वापरलेला नाही. या संयमावर दोन मते होतात. काहींना तो पौलाच्या प्रेमाचा कळस वाटतो. काहींना वाटते की गुलामाच्या सुटकेसाठी स्पष्ट हुकूम देण्याची हीच वेळ होती आणि पौलाने ती दवडली. मी दुसऱ्या मताकडे झुकतो, निदान त्या पत्राचा शतकानुशतके गुलामगिरीच्या समर्थनासाठी जो वापर झाला त्याकडे पाहून. पण पत्राच्या आतले गणित वेगळे आहे. हे पत्र फिलेमोनाच्या एकट्याच्या नावाने नाही. अप्फिया, अर्खिप्प आणि त्याच्या घरी जमणारी मंडळी यांनाही ते उद्देशून आहे. चारचौघांत वाचली जाणारी विनंती नाकारणे हुकूम मोडण्याहून अवघड असते.

फिलिप्पैकरांना पौल कैदेतून लिहितो की मी जगो वा मरो, माझी फजिती न होता पूर्ण पारेसियाने ख्रिस्ताचा महिमा माझ्या देहाने व्हावा. इथे शब्द जिभेवरून उतरून अख्ख्या शरीरात गेला आहे. इफिसकरांच्या पत्रातही एकदा तो देवाजवळ जाण्यासाठी येतो आणि एकदा बोलण्यासाठी: माझ्यासाठी प्रार्थना करा, म्हणजे तोंड उघडताना मला शब्द मिळतील, कारण मी बेड्यांतला वकील आहे.

आता दुसरी बाजू, देवाकडची. इब्री लोकांस पत्रात शब्द चार वेळा येतो आणि चारही वेळा तो वाचकांची मालमत्ता असल्यासारखा. कृपेच्या राजासनाजवळ तो घेऊन जा. येशूच्या रक्ताने परमपवित्रस्थानात जायला तो तुम्हांला आहे. तो टाकून देऊ नका, त्याचे मोठे प्रतिफळ आहे. भाष्यकारांत इथे जुना वाद आहे. दहाव्या अध्यायातला पारेसिया म्हणजे मनाला वाटणारा विश्वास, की प्रत्यक्ष मिळालेला परवाना? व्याकरणाने निकाल लागत नाही. पण संदर्भ पाहिला तर परवान्याचे पारडे मला जड वाटते. जुन्या व्यवस्थेत परमपवित्रस्थानात प्रमुख याजक एकटा, वर्षातून एकदा, प्रायश्चित्ताच्या दिवशी, रक्त घेऊन जाई. बाकीच्यांना तिथे पाऊल ठेवण्याचा हक्कच नव्हता. आता तो सगळ्यांना आहे, असे पत्र म्हणते. मनाला वाटणे हे त्यानंतर येते. आणि हे वाचक कोण? त्याच अध्यायात कळते की त्यांचा जाहीर अपमान झाला, त्यांचा तमाशा मांडला गेला, त्यांची मालमत्ता लुटली गेली. चारचौघांत मान खाली घालायला लावलेल्या माणसांना लेखक सांगतो आहे की सर्वांत मोठ्या दारातून तुम्ही मान वर करून जा. लेवीय पुस्तकातल्या भाषांतरकाराला हे आवडले असते.

योहानाच्या पहिल्या पत्रात तोच शब्द न्यायाच्या दिवसापर्यंत जातो. ख्रिस्त प्रकट होईल तेव्हा लाजून दूर होण्याऐवजी आपल्याला पारेसिया असावा. आपले अंतःकरण आपल्याला दोषी ठरवत नसेल तर देवापुढे तो आहे. न्यायाच्या दिवशी तो असेल, कारण प्रीती पूर्ण झाली आहे. आणि त्याच्या इच्छेप्रमाणे मागितले तर तो ऐकतो, याचाही तोच भरवसा. या पत्रात बाहेरच्या लोकांसमोर बोलण्यासाठी तो एकदाही वापरलेला नाही.

म्हणून अभ्यासकांपुढचा मुख्य प्रश्न: हे दोन पारेसिया आहेत की एक? एरिक पीटरसन यांनी १९२९मध्ये शब्दाचा इतिहास मांडताना त्याची राजकीय मुळे आणि धार्मिक फांदी असा प्रवास दाखवला. किटेल यांच्या नव्या करारातील शब्दांच्या कोशात हाइन्रिख श्लियर यांनी त्याची राजकीय, नैतिक आणि देवाशी नात्यातली अशी क्षेत्रे पाडली, आणि पुढच्या बहुतेक लेखनाने ती वाटणी स्वीकारली. कोशासाठी अशी विभागणी लागतेच. पण तिने एक नुकसान केले असे मला वाटते: कृत्यांचा चौथा अध्याय आणि इब्री पत्राचा दहावा अध्याय वेगवेगळ्या खणांत गेले. मूळ ग्रंथांत ते असे अलग नाहीत. कृत्यांतला निर्भीडपणा प्रार्थनेतून येतो. इब्री पत्रातली देवाजवळची वाट छळाच्या आठवणीला लागून येते. इफिसकरांच्या पत्रात तर दोन्ही एकाच लेखणीतून उतरतात. ज्याला देवापुढे उभे राहण्याची मुभा मिळाली आहे, त्याला सुभेदारापुढे भीड धरण्याचे कारण उरत नाही, हे नव्या कराराचे म्हणणे मला यांतून दिसते.

नव्या करारानंतर शब्दाने विचित्र वळणे घेतली. दुसऱ्या शतकाच्या मध्यास स्मुर्ण्याचा म्हातारा बिशप पॉलिकार्प सुभेदारापुढे उभा राहिला आणि त्याने स्पष्ट, याच शब्दासह, आपण ख्रिस्ती असल्याचे सांगितले. हुतात्म्यांचा निर्भीडपणा पुढे स्वर्गात पोचला: ज्यांना देवापुढे पारेसिया आहे त्यांनी आमच्यासाठी रदबदली करावी, असे लोक म्हणू लागले. इब्री पत्राने सगळ्यांना दिलेली वस्तू अशी पुन्हा थोड्या संतांची झाली, हे मला दुःखद वाटते. मिसरच्या वाळवंटातल्या संन्याशांनी तर तिला दोषांत गणले. अब्बा अगाथोनच्या मते पारेसियासारखा घातक विकार नाही. तिथे त्याचा अर्थ सलगी, जिभेचा सैलपणा असा होतो. तरीही पूर्वेकडच्या चर्चच्या उपासनेत प्रभूची प्रार्थना म्हणण्याआधी याजक आजही हा शब्द उच्चारतो आणि देवाला बाप म्हणण्याचे धाडस करायला आम्हांला पात्र कर, अशी विनंती करतो. लॅटिनने त्याच्या जागी विश्वास, स्थैर्य, उघडपणा असे निरनिराळे शब्द घातले, आणि पश्चिमेत त्याची एक ओळख उरली नाही.

तो पुन्हा चर्चेत आणला फ्रेंच तत्त्वज्ञ मिशेल फुको यांनी. १९८३मध्ये बर्कलीत आणि १९८४च्या वसंतात पॅरिसमध्ये त्यांनी त्यावर व्याख्याने दिली. त्याच वर्षी जूनमध्ये ते गेले. युरिपिडीस, सॉक्रेटिस, सिनिक यांवरचे त्यांचे वाचन अजोड आहे. ख्रिस्ती भागाला मात्र शेवटच्या व्याख्यानातला थोडा वेळ मिळाला. देवावरचा भरवसा आधी आणि आज्ञापालनामुळे आलेला संशय नंतर, असा उतार त्यांनी रेखाटला. वाळवंटातल्या संन्याशांपुरता तो खरा आहे. पण कृत्यांमधली ती प्रार्थना, जिथे सत्तेला नकार देण्याचे बळ सामूहिकपणे मागितले जाते, तिला त्यात पुरेशी जागा नाही.

एक गाठ स्वतः नव्या करारानेच सोडवलेली नाही. तीमथ्याला लिहिलेले पहिले पत्र चांगली सेवा करणाऱ्या सेवकांना पारेसिया मिळेल असे सांगते, आणि त्याच्या जरा आधी स्त्रियांनी मुकाट्याने शिकावे असेही सांगते. अथेन्सचे कुंपण इथे परत आल्यासारखे वाटते. प्रिस्किल्लेने अपुल्लोला शिकवले ते याच इफिसात, जिथे या पत्रानुसार तीमथ्य काम करत होता. दोन्ही गोष्टींचा मेळ बसवण्याचे असंख्य प्रयत्न झाले आहेत. मला त्यांतला एकही पूर्ण पटलेला नाही, आणि तो ताण तसाच मान्य करणे अधिक प्रामाणिक आहे.

मराठीत हा ताण पंडिता रमाबाईंनी अंगावर घेतला. २९ सप्टेंबर १८८३ला इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. चेल्टनहॅमला त्या पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू पाहत होत्या, तेव्हा हिंदुस्थानातल्या बिशपांनी त्याला हरकत घेतली. त्यांच्या आध्यात्मिक मार्गदर्शक सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार छापील आहे. आपल्याला देवाने दिलेली सदसद्विवेकबुद्धी आहे, आपला निर्णय आपण घेऊ, असे रमाबाई तिथे नम्रतेने, पण कुणाचीही भीड न धरता लिहितात. पुढे केडगावला त्यांनी इब्री आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणायला घेतले, कमी शिकलेल्या बायकांनाही वाचता यावे म्हणून. १९२२मध्ये त्या वारल्या. ग्रंथ १९२४मध्ये पूर्ण छापून आला, मुक्ती मिशनच्याच छापखान्यात, तिथल्या बायकांच्या हातून. स्त्रियांना मुकाट राहायला सांगणारे वचन आणि परमपवित्रस्थानाचे दार सर्वांना उघडणारे वचन, दोन्ही त्यांनी मूळ ग्रीक समोर ठेवून मराठीत उतरवली. कुठलेही गाळले नाही.